मी वगळून

सगळ्यात जाड तारेचं नाव मी.
सगळ्यात बारीक तारेचंही मीच.
मधल्या चौघी वेगळ्या.
हे मला अदेरितोने शिकवलं, रॉटरडॅमला जायच्या आधी,
आणि जाताना वही ठेवून गेला:
स्वरांची कोष्टकं, बाणांनी जोडलेली वर्तुळं,
कडेला काचुपाचा पिवळा डाग.

दिवसभर मी पलीकडच्या बेटाची तिकिटं फाडते.
रात्री मिंदेलोवर वाळवंटाची धूळ उतरते,
खाडीपलीकडचा डोंगर, माणसाच्या तोंडासारखा,
तोंडावर पांघरूण ओढतो
आणि मी गच्चीत पाण्याच्या पिंपाला टेकून बसते.

त्या मंगळवारी काही शोधत नव्हते.
मी मेजरची तिकाटी धरली होती, तीन बोटांची,
पहिल्या महिन्यात कुणीही धरतं तशी.
खाली कुणाची तरी मोटरसायकल खोकली,
हात दचकला,
आणि तिकाटी जशीच्या तशी
एक घर पुढे सरकली.
बाकीच्या तारा मोकळ्याच राहिल्या,
त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आवाज आला.
कसा सांगू.
भरतीत बांधलेली होडी
दोर ताणून थांबते,
तुटत नाही, मागेही येत नाही,
तसा.

वीस वेळा वाजवला. मग फोन केला.
अदेरितो गोदामात होता, मागे फोर्कलिफ्टचं पीं पीं.
"बोटं कुठे कुठे? दो, फा, ला. मोकळ्या सी आणि मी.
अगं, हा फा आहे. सातवा घातलेला, वर अकरावा, चढा.
पण सहावी तार सोड.
फाच्या पोटाखाली मी नको, टोचेल.
मी वाजवू नकोस."

मी वाजवू नको.
बरं.

वगळून पाहिलं. स्वच्छ झाला,
दवाखान्यातल्या टेबलासारखा.
मग अंगठ्याने जाड तार नुसती हलवली,
सगळ्यांच्या नंतर, उशिरा,
जेवणं उरकल्यावर कुणी येऊन पायरीवर बसावं तशी.
टोचलं.
हवं होतं तेवढंच टोचलं.

झालं, वही मिटली.
आठवडाभर कानाचं बोट धरून उंडारले.
तिकाटी तिसऱ्या घरात, पाचव्या, आठव्या.
कुठे काचेचे तुकडे, कुठे नुसता चिखल,
तरी चार दिवसांत चिखलालाही कान वा म्हणू लागला.
कानाचं काय,
रोज वाढाल ते त्याला गोड लागतं.

शनिवारी वरच्या खिडकीतून न्हा बिबिया ओरडली,
"पोरी, जिना चढवतेस
आणि वरती दारच नाही!"

रागाने वही उघडली.
डागाच्या बाजूलाच होतं,
फापासून निघालेला बाण, अर्धं पाऊल खाली,
आणि टोकाशी मी.

म्हणजे एक घर मागे.
म्हणजे हात दचकला तिथेच.
सरकवली तिकाटी. होडी किनाऱ्याला लागली.
जाड तार मात्र दोन्हीकडे तीच, हललीच नव्हती.
आठवडाभर जे टोचत होतं
ते घर होतं, आधीच येऊन बसलेलं.

हे वहीत नाही.
किंवा असेल, डागाखाली.

वरून काहीच आवाज आला नाही.
मग थोड्या वेळाने भांड्यात चमचा फिरल्याचा.

दुसरी तार अजून उतरते, खुंटी झिजलीय.
वही म्हणेल, चढव.
उतरलेल्या तारेवर तो फा जरा जास्तच एकटा वाटतो,
मी अजून ठरवलेलं नाही.

रविवारी फोन टेबलावर ठेवून
अदेरितोला दोन्ही वाजवून दाखवले, जाणं आणि येणं.
फोनमधून जाड तार पोचत नाही म्हणतात.
"सहावी वाजवलीस ना?"
"जराशी."
बराच वेळ नुसतं पीं पीं.
मग म्हणाला,
"पुन्हा वाजव."